बोहनीचं गिऱ्हाईक

"हे मशीन माझं आहे."

"असं कसं? मी परवाच सांगून ठेवलंय."

खुर्ची एक आणि तिच्या पाठीवर हात दोन. एक माझा, दुसरा एका उंच, सावळ्या, चिंब भिजलेल्या मुलाचा. त्याच्या केसांत भाताचं तूस अडकलं होतं. आणि माझ्या ओढणीला काय चिकटलं होतं ते मला न बघताही ठाऊक होतं, कारण सकाळपासून मी आईबरोबर मासळी सुकवायच्या वलांडीवरचे ओले बोंबील उतरवत होते.

डिसेंबरात पाऊस पडत नाही, हे डहाणूत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण २०१७ च्या त्या डिसेंबरात अरबी समुद्रातलं एक वादळ आमच्या किनाऱ्यापर्यंत आलं आणि सगळं भिजवून गेलं. आमच्या वरोर गावात होड्या वर ओढल्या गेल्या, सुकत घातलेली मासळी नासली, आणि डहाणूतली वीज गेली. नेमकी त्याच दिवशी माझी ऑनलाइन टेस्ट होती.

"नारूभाई!" आम्ही दोघं एकदमच ओरडलो.

सायबरचे मालक नारूभाई काउंटरमागून उठलेसुद्धा नाहीत. "अरे बेन, माझ्यावर कशाला गरम होता? इन्व्हर्टरवर एकच मशीन छे. तुम्हाला पण हो बोललो, याला पण हो बोललो. लाइट जाईल ते मला काय माहीत!"

मुलाने स्क्रीनकडे पाहिलं. मी आधीच टेस्ट घेणाऱ्या लॉ फर्मचं पान उघडून ठेवलं होतं. त्याच्या भुवया वर गेल्या.

"तुम्ही पण?"

"म्हणजे तुम्ही पण?"

मुंबईच्या फोर्टमधली ती एक मोठी लॉ फर्म. दर उन्हाळ्यात लहान गावांतल्या लॉच्या विद्यार्थ्यांना इंटर्नशिप द्यायची. आधी अर्ज, मग ऑनलाइन टेस्ट, मग मुंबईला बोलावून दिवसभराची निवडचाचणी. आणि एका जिल्ह्यातून फक्त एकच जण. याआधी मी दोन फर्मना अर्ज केले होते, दोन्हीकडून गोड शब्दांत नकार आले होते. आई मात्र अख्ख्या मासळीबाजाराला सांगून बसली होती की माझी निलम मोठ्या हापिसात जाणार. मला ती जागा हवी होती. अगदी हावरटासारखी हवी होती. आणि माझ्यासमोर उभा असलेला हा भिजलेला बांबू तीच जागा मागत होता.

"लिंक संध्याकाळपर्यंत चालू आहे," तो म्हणाला. "तुम्ही आधी द्या. मी नंतर देतो."

"उपकार नकोत."

"उपकार नाहीत. माझे हात गारठलेत, टाइप होणार नाही."

एवढं बोलून तो सरळ दुकानाबाहेर गेला आणि पत्र्याच्या पुढे आलेल्या कडेखाली उभा राहिला. अर्धा पत्र्याखाली, अर्धा पावसात.

"अहो, आत बसा की! भिजताय कशाला?"

"आत बसलो तर तुमचे प्रश्न दिसतील." तो हसला. "मग मी पास झालो तरी मला मजा नाही येणार."

मी टेस्ट दिली. तर्काचे प्रश्न, उतारे, एका कराराच्या मसुद्यातल्या चुका. सगळं करता करता मध्येच नजर दाराकडे जायची. तो पाठमोरा उभा होता, एकदाही वळला नाही. असली माणसं फार त्रास देतात. त्यांच्यावर धड चिडताही येत नाही.

माझं झाल्यावर तो बसला. माझं तिथे काही काम उरलं नव्हतं. बस पकडून घरी जायला हवं होतं… पण पाऊस जोरात होता ना. पाऊस खरंच जोरात होता. नारूभाईंनी माझ्याकडे पाहून मिशीतल्या मिशीत हसण्याची काहीच गरज नव्हती.

तो उठला तेव्हा वीज परत आली होती.

"कशी गेली?" मी विचारलं.

"बरी. चहा घेणार?"

"नको."

तो काही बोलला नाही, हललाही नाही. नुसता उभा राहिला, जसं काही माझं वाक्य अजून संपायचंय.

"…आलं घातलेला असेल तर घेईन," मी म्हणाले.

चहाच्या टपरीवर कळलं की त्याचं नाव नविन. कैनाडचा. ठाण्याला हॉस्टेलवर राहून लॉ करतो, झोडणीसाठी घरी आला होता आणि खळ्यावरचं भात डोळ्यांदेखत भिजलं. मी म्हटलं, आमचे बोंबील भिजले. एवढ्यानेच आमची ओळख एकदम जुनी झाली.

"वासावरून कळलंच मला," तो म्हणाला.

माझे कान तापले. मी ओढणी मागे ओढली. "काय म्हणायचंय?"

"हेच की आमच्या घरी आठवडाभर बोंबील नाही मिळाले." कपातल्या चहाकडे बघत तो म्हणाला, "मघाशी दुकानात तुम्ही शेजारी आलात आणि मला एकदम भूक लागली."

मी चहा सांडला.

दोघंही पास झालो. जिल्ह्यातून पाच जणांना जानेवारीत मुंबईला बोलावलं होतं, आणि त्या पाचात डहाणू तालुक्यातले आम्ही दोघंच. त्यानेच फोन केला.

"तयारी एकत्र करायची का?"

"वेडा आहेस का? आपण एकमेकांच्या विरुद्ध आहोत." कधीतरी मी 'तू'वर आले होते, मलाही कळलं नव्हतं.

"म्हणून तर," तो म्हणाला. "तुझ्याइतकं मला दुसरं कोण पाडणार?"

नाताळच्या सुट्टीत आम्ही डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूंच्या झाडांखाली भेटायला लागलो. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. मी खोटी मुलाखत घ्यायची, मग त्याने माझी. तो येताना घोलवडच्या ओळखीच्या वाडीतून चिकू आणायचा, मी घरून तळलेली सुकट. मुलाखतीच्या तयारीचा हा खुराक कोणत्याही पुस्तकात दिलेला नसावा.

"तुम्हाला आमच्याच फर्ममध्ये का यायचंय?" मी कमरेवर हात ठेवून विचारायचे.

तो गप्प.

"अरे बोल! झोपलास का?"

"विचार करतोय."

"पॅनेल तुझ्यासाठी थांबणार नाही. तोवर ते दुसऱ्याला घेऊन जेवायला जातील."

तो हसला आणि वाळूत काडीने रेघा ओढत राहिला. "आमच्या पाड्यावर बैठक बसली ना, की एकाचं बोलून झालं तरी दुसरा लगेच सुरू करत नाही. जरा थांबतात सगळे. त्याला अजून काही आठवलं तर? मनातलं राहिलं असेल तर?" मग माझ्याकडे बघून, "पहिलं बोलणं तोंडातलं असतं. मनातलं मागून येतं."

"आणि आमच्या बाजारात जो थांबला त्याचा मासा मांजर खातं," मी म्हटलं.

तो एवढा हसला की शेजारून जाणारे म्हातारे काका थांबून बघायला लागले.

चाचणीत शेवटी वाटाघाटी असतात, असं त्याला एका सीनियरने सांगितलं होतं. दोघांना समोरासमोर बसवतात. एक विकणाऱ्याचा वकील, दुसरा घेणाऱ्याचा. आम्ही त्याचाही सराव केला. चिकूच विकायचो, दुसरं होतं काय! आणि वाटाघाटीत मी त्याला रोज लोळवायचे. तो भाव बोलला की मी हसायचे, तो वाढवायचा, मी तोंड फिरवायचे, तो आणखी वाढवायचा. हिराबाईची मुलगी आहे मी. आईच्या पाटीमागे बसूनच लहानाची मोठी झाले.

"तुला दया येत नाही का माझी?" एकदा त्याने विचारलं.

"धंद्यात नाही."

"आणि धंद्याबाहेर?"

समुद्राला ओहोटी लागली होती. त्याने एक चिकू दोन बोटांत हलकेच दाबून पाहिला आणि माझ्या हातात ठेवला. त्याची बोटं माझ्या तळव्यावर जरा जास्त वेळ राहिली… की मलाच तसं वाटलं, कोण जाणे.

"पिकलाय," तो म्हणाला. "आज खा. उद्या उशीर होईल."

मी खाल्ला. प्रश्नाचं उत्तर मात्र दिलं नाही. घरी जाताना सबंध वाटभर मी स्वतःशीच हसत होते आणि रिक्षातल्या बायका माझ्याकडे संशयाने बघत होत्या. मला तो आवडत होता. आणि ती जागाही मला हवी होती. दोन्ही गोष्टी एकाच पोटात घेऊन झोपायचं म्हणजे काय हाल होतात ते माझं मलाच माहीत.

फर्मचं ऑफिस काचेचं आणि गारेगार होतं. सकाळी आम्ही पाचही जण एका लांब टेबलापाशी बसलो. फर्ममधल्या एका मुलीने सांगितलं की कार्यक्रम थोडा बदललाय. वाटाघाटी शेवटी नाही, आधी होतील. चिठ्ठ्या टाकल्या; उरलेल्या एकासमोर फर्मचाच माणूस बसणार होता.

पहिली जोडी निघाली, निलम आणि नविन.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे.

समोर पॅनेलमध्ये तिघं बसले होते. मध्ये रुपेरी केसांच्या एक बाई, चष्मा नाकावर आलेला. मला एक कागद मिळाला. माझ्या अशिलाला त्याचं जुनं गोदाम विकायचं होतं आणि अमुक रकमेच्या खाली अजिबात उतरायचं नव्हतं. नविनच्या कागदावर काय आहे ते मला माहीत नव्हतं. सगळं इंग्रजीत चालणार होतं. सोपं काम होतं. सुरूंच्या झाडाखाली मी हे रोज करत होते.

नविनने नवीन शर्ट घातला होता. घडीच्या खुणा अजून तशाच होत्या, आणि कॉलरखाली एक टाचणी काढायची राहून गेली होती. ती चमकत होती. त्याने पाण्याचा ग्लास उचलला, आणि मी पाहिलं, त्याचा हात थरथरत होता. कधीही न घाबरणारा, पावसात पाठमोरा उभा राहणारा तो माझा शांत बांबू थरथरत होता.

त्याने आकडा सांगितला. माझ्या अशिलाने सांगितलेल्या रकमेच्याही खालचा. अगदी हास्यास्पद आकडा. मी हसायला हवं होतं. तोंड फिरवायला हवं होतं.

आणि मी म्हणाले, "ठीक आहे. घ्या."

मराठीत! इंग्रजीत चाललेल्या वाटाघाटीत, काचेच्या खोलीत, पॅनेलसमोर. आई पाटीवरून मासळीचा वाटा उचलून गिऱ्हाइकाच्या पिशवीत टाकते ना, अगदी त्याच सुरात.

नविन माझ्याकडे बघत थांबून राहिला, नेहमीसारखा, मला अजून काहीतरी आठवेल म्हणून. मला काहीच आठवलं नाही. चष्म्याच्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

पुढची मुलाखत बरी गेली म्हणतात. मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही.

संध्याकाळी ऑफिसच्या दाराबाहेर तो माझी वाट बघत उभा होता. त्याचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता.

"का केलंस?"

"काय केलं?"

"वाळूत बसून मला रोज रडवलंस. आणि आज, खऱ्या दिवशी, पहिल्या आकड्याला हो?" त्याचा आवाज वाढला नव्हता, तेच वाईट होतं. "मला भीक नको होती, निलम. तुझ्याकडून तर नकोच."

"नविन, ऐक तरी…"

आयुष्यात पहिल्यांदाच तो थांबला नाही. ठाण्याला, हॉस्टेलवर निघून गेला.

निकाल आठवड्याभराने आला. त्याची निवड झाली. मला फर्ममधून फोन आला. त्याच चष्म्याच्या बाई होत्या. ऑनलाइन टेस्टमध्ये तुझे गुण सगळ्यांत जास्त होते, त्या म्हणाल्या, पण आपल्या अशिलाचं नुकसान करणारा वकील आम्हाला घेता येत नाही. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज कर. मी थँक यू म्हटलं, फोन ठेवला आणि मागच्या दारी जाऊन पोटभर रडले. आईने विचारलं, मी म्हटलं, डोळ्यांत मीठ गेलं. सुक्या मासळीच्या घरात हे कारण बारा महिने चालतं.

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज. 'अभिनंदन करू नकोस. मी जाणार नाहीये. शनिवारी घरी येतोय, तिथूनच त्यांना नाही कळवतो.'

माझं रडं पळालं आणि डोकं फिरलं. मी सरळ फोन लावला.

"हे बघ शहाण्या, माझी जागा तर गेलीच. आता तुझीही घालवलीस तर मी काय गोदामासाठी रडले?"

"दान म्हणून मिळालेली जागा मला नकोय."

"दान नव्हतं ते!"

"मग काय होतं?"

मी हा विचार आठवडाभर केला होता आणि मला कारण सापडलं होतं. स्वतःला पटलेलं, अगदी पक्कं कारण.

"ती बोहनी होती," मी म्हणाले.

"काय?"

"बोहनी! सकाळचा पहिला सौदा. आमच्यात पहिलं गिऱ्हाईक कधी रिकामं पाठवत नाहीत. पाठवलं तर दिवस वाया जातो. लहानपणापासून हाडात बसलंय ते. वाळूत आपण संध्याकाळी बसायचो, तेव्हा बोहनीचा प्रश्न नव्हता. तिथे सकाळ होती, पहिली जोडी आपली होती, तू पहिला आकडा बोललास… आणि तोंडातून निघून गेलं. तुझ्या जागी कोणी परका असता तरी मी दिलं असतं."

"खरं?"

"रविवारी पहाटे वरोरला ये. आई बंदरावर पाटी लावते. तूच पहिलं गिऱ्हाईक हो आणि वाटेल तो भाव माग. देते की नाही बघ. पण तू कोण आहेस ते तिला सांगायचं नाही."

तो आला. काकाची मोटरसायकल घेऊन, कानाला मफलर बांधून. होड्या नुकत्याच लागल्या होत्या, वाळू ओली होती, आणि आई पाटीतल्या ताज्या बोंबलांचे वाटे लावत होती. मी मागे जाळ्यांच्या ढिगापाशी उभी राहिले, जशी काही मला कशाशी देणंघेणंच नाही.

"मावशी, हा वाटा कसा दिला?"

आईने भाव सांगितला. नविनने त्याच्या अर्ध्याहून कमी मागितला.

आता ती उचलून देणार, मी मनात म्हटलं. पहिलं गिऱ्हाईक आहे.

आई खळखळून हसली. "नाय रे बाबा. होडीला डिझेल काय फुकट येतं?"

मी जाळ्यांच्या ढिगाआड सरकले.

नविन उभाच राहिला. मग भाव थोडा वाढवून बोलला.

"नाय," आई म्हणाली आणि वाट्यावर आणखी दोन बोंबील ठेवले. "बघ, कसे चांदीसारखे हायेत. हे काय तुझ्या भावात येतील?"

तो पुन्हा थांबला. लाटांचा आवाज, दूर कुठेतरी कोंबडा. मग त्याने तिसरा आकडा सांगितला. हा जरा माणसासारखा होता.

"घे," आई म्हणाली आणि वाटा त्याच्या पिशवीत टाकला. पैसे कपाळाला लावून कनवटीला खोचले. "बोहनी करतोस म्हणून दिला हां."

"मावशी," त्याने अगदी भोळेपणाने विचारलं, "बोहनीच्या गिऱ्हाइकाला मागेल त्या भावात देतात ना?"

"कोणी सांगितलं तुला? रिकामं पाठवायचं नाय, एवढंच. पयल्या बोलीला दिलं तर उपाशी मरू की आम्ही! दोन वेळा तरी नाय बोलायचं, मग तिसऱ्याला घे बोलायचं. माझी आईस असंच करायची, मी पण तेच करते." आणि मान वळवून, "काय गं निलम? तुला नाय ठाऊक?"

मला ठाऊक होतं. अर्थात ठाऊक होतं. हजार वेळा बघितलं होतं मी ते. एवढी साधी गोष्ट मी स्वतःपासून लपवून ठेवली होती आणि पुरावा म्हणून त्याच माणसाला दाखवायला घेऊन आले होते. मोठी वकील होणार मी!

नविन हळूहळू माझ्याकडे वळला. मी तोंड फिरवलं आणि बोंबलांच्या वलांडीकडे चालायला लागले. तो मागून आला. दोन्ही बाजूंना बांबूंवर तोंडात तोंड अडकवून टांगलेले बोंबील वाऱ्यावर हलत होते. प्रेमाच्या गोष्टी बागेत वगैरे घडतात म्हणे.

"निलम."

"काही बोलू नकोस."

"मी काहीच बोलत नाहीये. थांबलोय."

आणि खरंच थांबला. हातात बोंबलांची पिशवी, पाय वाळूत, डोळे माझ्यावर. त्या थांबण्यापुढे माझं काही चालत नाही, त्या चहाच्या टपरीपासूनच.

"तुझ्या कॉलरला टाचणी राहिली होती," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "आणि तुझा हात थरथरत होता. माझ्या डोक्यात दहा आकडे तयार होते, नविन, देवाशपथ. पण तो हात दिसला आणि मला तुला 'नाही' म्हणताच येईना. दान नव्हतं ते. मी काही ठरवलं नव्हतं. मला तू… मला तू आवडतोस, बस. एवढा आवडतोस की वकिली विसरले. आता हसायचं तर हस."

तो हसला नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"माझा हात का थरथरत होता माहितीये?" तो म्हणाला. "माझ्या कागदावर खूप मोठा आकडा होता. मला वर जायला परवानगी होती. मी मुद्दाम खालून सुरू केलं, कारण तू नाही म्हणणार हे मला पक्कं ठाऊक होतं. माझी सगळी तयारी तुझ्या 'नाही'वर होती. समोर तू होतीस… मला तुला हरवायचंही नव्हतं आणि हरायचंही नव्हतं. मी थरथरणार नाही तर काय!"

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. मग मला हसू फुटलं, मग त्याला. बोंबील वाऱ्यावर हलत होते.

"तू जाणार आहेस त्या फर्ममध्ये," मी नाक पुसत म्हणाले. "आणि मी पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार. आणि समोर कोणीही बसो, त्याला सोडणार नाही."

(सोडलं नाही. पुढच्या जानेवारीत समोर विरारचा एक मुलगा होता, बिचाऱ्याला घाम फुटला. जागा मला मिळाली. चष्म्याच्या बाई नंतर हळूच म्हणाल्या, गेल्या वर्षी कुठे गेली होतीस? पण ते पुढचं.)

"जाईन," नविन म्हणाला. "पण एका अटीवर. आधी एक सौदा करायचा."

"कसला?"

"मला तू हवी आहेस. आयुष्यभरासाठी. बोल."

उजेड वाढत होता. हिराबाईची मुलगी आहे मी. एकदा चुकले, पुन्हा नाही चुकणार.

"नाही," मी म्हणाले.

तो थांबला. त्याच्या ओठांचा कोपरा हलला, त्याला कळलं होतं.

"रोज आल्याचा चहा मी करीन."

"नाही. भांडीही घासावी लागतील."

तो पुन्हा थांबला. पिशवी वाळूत ठेवली. इतका जवळ आला की मफलरला येणारा शेतातल्या धुराचा वास मला आला. नुसता बघत होता, आणि माझं मनातलं सगळं मागून येत होतं, एकामागून एक, आवरता आवरेना.

"भांडी घासीन," तो हळूच म्हणाला. "आणि तू चिडलीस की पावसात उभा राहीन. अर्धा पत्र्याखाली, अर्धा बाहेर."

तेवढ्यात पाटीपाशी बसलेल्या आईचा आवाज अख्ख्या बंदरावर घुमला.

"ए निलम! माझी बोहनी झाली, तुझी राहिलीय! असं गिऱ्हाईक रिकामं पाठवू नको गं!"

होडीवरचे लोक हसले. मी लाजेने लाल झाले. म्हणजे तिला पहिल्यापासून सगळं कळलं होतं, त्या डोळ्यांतल्या मिठापासून.

मी नविनचा हात हातात घेतला. या वेळी तो थरथरत नव्हता. माझाच थरथरत होता.

"ठीक आहे," मी म्हणाले. "घ्या."